पिकअपच्या टाकीत इथेनॉल: किती चालेल आणि कुठे अडेल

वाचकाचे पत्र, थोडक्यात: “माझ्याकडे दोन पेट्रोल पिकअप आहेत. पहिली २०१० सालची, इंजेक्शनची, रोज माल वाहते. तिच्या पुस्तिकेत ‘ई-१० पर्यंत’, म्हणजे पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, असे छापले आहे. दुसरी वडिलांची, कार्ब्युरेटरची, चाळीस वर्षांची. ती वर्षातून पाच-सहा वेळाच बाहेर निघते. माझ्या मित्राकडे माझ्याच मॉडेलची गाडी आहे आणि स्वस्त पडते म्हणून तो तिच्यात बिनधास्त ई-८५ भरतो. त्याच्या सांगण्यावरून मी ६० लिटरच्या टाकीत ४५ लिटर ई-१० असताना वरून थोडेसेच, १५ लिटर ई-८५ घातले. दुसऱ्याच दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला आणि चढावर गाडीची ओढ कमी वाटू लागली. मेकॅनिक म्हणतो, इथेनॉलने इंजिन खाल्ले. मित्र म्हणतो, काही होत नाही. खरे कोणाचे? आणि वडिलांच्या गाडीचे काय करावे?”

आपले पत्र वाचले. पहिल्या गाडीच्या टाकीत आत्ता जे मिश्रण आहे त्याचा निकाल आधी लावू, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात, टाकीतले इंधन थांबत नाही.

४५ लिटर ई-१० मध्ये साडेचार लिटर इथेनॉल असते. ई-८५ नावाने मिळणाऱ्या इंधनात प्रत्यक्ष ८५ टक्के इथेनॉल असेलच असे नाही. अमेरिकेत या नावाखाली ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते, आणि हिवाळ्यात हा आकडा मुद्दाम कमी ठेवतात. आपण ८० टक्के धरू. म्हणजे तुमच्या १५ लिटरमध्ये १२ लिटर इथेनॉल आले, एकूण साडेसोळा लिटर झाले, आणि ६० लिटरच्या टाकीत हे प्रमाण साडेसत्तावीस टक्के ठरते. “थोडेसेच वरून घातले” असे तुम्ही लिहिता, पण त्या थोड्याशानेच तुमच्या गाडीने पुस्तिकेतली मर्यादा पावणेतीन पटींनी ओलांडली.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. टाकी रिकामी करण्याचा खटाटोप करू नका. वीस लिटर जळू द्या, मग टाकी ई-१० ने पूर्ण भरा. प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास येईल. पुन्हा वीस लिटर जाळून तेच करा, की ते अठराच्या खाली येईल, आणि त्यानंतर दर भरण्याला ते आपोआप दहाकडे सरकत राहील. एवढे होईपर्यंत गाडीत पूर्ण भार घालू नका आणि भार असताना चढावर पॅडल तळापर्यंत दाबू नका.

हा भाराचा आग्रह का, ते सांगतो, कारण पिकअपच्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या एक किलोला ९ किलो पुरते, कारण त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग मुळातच ऑक्सिजन आहे. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉलचे मिश्रण जास्त ओतावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हे क्षणोक्षणी मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, त्याप्रमाणे इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर ही दुरुस्ती बिनबोभाट चालू असते. पण चढावर, मागे माल असताना, पॅडल पूर्ण दाबले की अनेक ईसीयू सेन्सरचे ऐकणे तेवढ्यापुरते बाजूला ठेवतात आणि स्वतःच्या स्मृतीतल्या कोष्टकावरून इंधन सोडतात. ते कोष्टक पेट्रोलसाठी लिहिलेले असते. तेव्हा मिश्रण विरळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, तर ते नेमके त्या क्षणी होते ज्या क्षणी झडपा आणि पिस्टन सर्वांत तापलेले असतात. छोटी मोटार अशा अवस्थेत दिवसातून काही सेकंद असते. माल वाहणारी पिकअप एकेका घाटात दहा-दहा मिनिटे असते. म्हणून “शेजारच्या मोटारीला चालते” हा पुरावा पिकअपला लागू पडत नाही.

आता त्या दिव्याकडे वळतो, आणि इथे तुमच्या मेकॅनिकशी माझे मतभेद आहेत. ई-१० वरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेल्यास जास्त लागणारे इंधन सात-आठ टक्क्यांच्या घरात असते. मिश्रण विरळ असल्याचा दिवा लावण्यापूर्वी बहुतेक ईसीयू २० ते २५ टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती मुकाट्याने करत राहतात. निरोगी गाडीत सात-आठ टक्क्यांनी दिवा लागायला नको. तो लागला, याचा सरळ अर्थ मी असा घेतो की तुमची गाडी आधीपासूनच पंधरा टक्क्यांच्या आसपास ओढाताण करून चालत होती आणि इथेनॉलने शेवटची काडी ठेवली. इथेनॉलने इंजिन एका रात्रीत खाल्ले, हे मला पटत नाही.

ते तपासणे अवघड नाही. स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. मिश्रण विरळ असल्याचा कोड बहुधा पी-०१७१ असेल आणि इंजिन व्ही आकाराचे असल्यास जोडीला पी-०१७४. मात्र कोड वाचून पुसून टाकणे म्हणजे निदान नव्हे. त्याच स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतो आहे ते. गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना हा आकडा पहा, मग इंजिनचे फेरे अडीच हजारांवर नेऊन पहा. मंद गतीला आकडा मोठा आणि फेरे वाढवल्यावर लहान होत असेल, तर कुठेतरी हवेची गळती आहे. तडकलेली व्हॅक्यूमची नळी हा नेहमीचा आरोपी. उलट मंद गतीला ठीक आणि भार आला की आकडा चढत जात असेल, तर इंधनच पुरेसे पोचत नाही. फिल्टर तुंबला आहे किंवा पंप थकला आहे. चढावर ओढ कमी वाटते असे तुम्ही लिहिता, त्यावरून माझा संशय या दुसऱ्या शक्यतेवर आहे, पण आकडे पाहिल्याशिवाय पंप बदलून खर्चात पडू नका.

फिल्टरवरून एक माझीच फजिती आठवते. पूर्वी माझ्याकडेही एक जुनी पिकअप होती. मिश्र इंधन नव्याने मिळू लागले तेव्हा मी ते भरले आणि तिसऱ्या की चौथ्या टाकीला गाडी भर चढावर आचके देऊन थांबली. पेट्रोलात भेसळ आहे अशी माझी खात्रीच झाली आणि मी ते चार लोकांना सांगूनही बसलो. फिल्टर काढून उलटा केला, तेव्हा त्यातून चहाच्या काळ्या चोथ्यासारखा गाळ निघाला. तो माझ्याच टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ होता. इथेनॉल उत्तम द्रावक आहे. टाकीच्या तळाला आणि नळ्यांना चिकटलेला हा थर ते सोडवते आणि पुढे पाठवते. इंधन निर्दोष होते आणि टाकी घाण होती. म्हणून जुन्या गाडीला जास्त इथेनॉलचे इंधन नव्याने सुरू केले, की दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच, हा माझा तेव्हापासूनचा नियम आहे.

आता मित्राबद्दल. त्याची गाडी तुमच्याच मॉडेलची असूनही ई-८५ वर बिनतक्रार चालत असेल, यात काहीच नवल नाही, आणि त्यावरून तुमच्या गाडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एकाच मॉडेलमध्ये इंजिनाप्रमाणे ही क्षमता बदलते. २०१२ सालच्या फोर्ड एफ-१५० पिकअपचेच पहा: तिचे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि ई-८५ दोन्हींवर चालणारे, होते, तर ३.५ लिटरचे टर्बो इंजिन फक्त पेट्रोलचे. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. फ्लेक्स-फ्युएल गाडीत इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि सील असतात, मोठे इंजेक्टर असतात, आणि टाकीत किती टक्के इथेनॉल आहे हे ओळखून इंधन आणि ठिणगीची वेळ दोन्ही बदलणारा ईसीयू असतो. तुमच्या गाडीत यातले काय आहे हे टाकीचे झाकण उघडूनच बहुधा कळेल; अनेक कंपन्यांनी अशा गाड्यांना पिवळे झाकण किंवा तोंडाभोवती पिवळे कडे दिले आहे, आणि झाकणाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर मर्यादा लिहिलेली असते. पुस्तिकेत ‘ई-१० पर्यंत’ असे असेल, तर तुमची गाडी फ्लेक्स-फ्युएल नाही. तिला पूर्ण टाकीभर ई-८५ पाजले, तर ई-१० च्या तुलनेत आकारमानाने सुमारे एक तृतीयांश जास्त इंधन लागेल, आणि तेवढी दुरुस्ती तिच्या ईसीयूच्या आवाक्याबाहेर आहे.

ई-८५ स्वस्त पडते हा मित्राचा दुसरा मुद्दा, तोही हिशेबाने तपासून घ्या. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास. म्हणून ८० टक्के इथेनॉलचे इंधन ई-१० पेक्षा लिटरमागे जवळजवळ एक चतुर्थांश ऊर्जा कमी देते. ते लिटरमागे तेवढ्याहून जास्त स्वस्त असेल तरच परवडते, आणि ते फ्लेक्स-फ्युएल गाडीला. ब्राझीलमध्ये तर लोक पंपावर उभ्याउभ्या हा भागाकार करतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. त्या देशात १९७५ पासून सरकारी योजनेने इथेनॉल रुजले, आणि तिथल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या २००३ पासूनच्या आहेत. तिथल्या जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली पेट्रोलची एक वेगळी चिमुकली टाकी असे, कारण थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही आणि गाडी सुरू करायला घोटभर पेट्रोल लागतेच. थंड सकाळी तुमच्या गाडीने सुरू व्हायला वेळ घेतला, तर त्यामागेही हेच कारण असू शकते.

मग ई-२० चे काय? तुम्ही विचारले नाही, पण पुढे हाच प्रश्न येईल, कारण प्रमाण जगभर वरच सरकते आहे. अमेरिकेत नेहमीचे पेट्रोल बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांचे आहे आणि २००१ व त्यानंतरच्या हलक्या गाड्यांना तिथे ई-१५ ची परवानगी आहे. भारतात २० टक्के झाले. ब्राझील २०२५ मध्ये ३० टक्क्यांवर गेला. तुमच्या २०१० सालच्या गाडीत ई-२० जळेल का, याचे उत्तर होय असे आहे. ई-१० पेक्षा फक्त चार टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन सोडावे लागते आणि ईसीयूला ते सहज जमते. ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी उतरेल, म्हणजे लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी साडेअकराच्या आसपास येईल. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त असल्याने भार असताना गाडी नॉक मारण्याची शक्यता उलट कमीच होते, हे श्रेयही त्याला दिले पाहिजे.

अडचण जळण्यात नाही, स्पर्शात आहे. नळ्या, ओ-रिंग, पंपाचे सील, टाकीतला फ्लोट, या सगळ्यांना ते इंधन चोवीस तास चाटत असते, गाडी चालू असो वा उभी. ज्या रबराची परीक्षा कारखान्यात दहा टक्क्यांसाठी घेतली आहे ते वीस टक्क्यांत फुगते की कडक होते की काहीच होत नाही, हे त्या त्या रबरावर अवलंबून असते, आणि ते बसल्या जागी कोणीही छातीठोकपणे सांगू नये. म्हणून निवड हातात असेल तोवर ई-१० च भरा. ती हातात उरली नाही, तर इंजिनाकडच्या रबरी नळ्या आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घालून घ्या, फिल्टर वर सांगितल्याप्रमाणे बदला, आणि पहिले तीन-चार महिने दर आठवड्याला थंड इंजिनावर बॉनेट उघडून नाक वापरा. पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवण्याआधी तो कुठून येतो ते शोधा. पिळवटून पाहिल्यावर ज्या नळीवर बारीक भेगा दिसतात, ती गळण्याची वाट पाहू नये. आणि गाडी अजून हमीच्या मुदतीत असणाऱ्या इतर वाचकांनी पुस्तिकेपलीकडचे प्रमाण भरण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘चालतंय की’ याला दुरुस्तीच्या वेळी किंमत नसते.

पिकअप म्हटले की पुष्कळ जणांची डिझेलची असते, म्हणून ओघात एक वाक्य: पेट्रोल पंपावरचे इथेनॉलचे कोणतेही मिश्रण डिझेल इंजिनात घालायचे नाही, थेंबभरही नाही, कारण ते दाबाने स्वतःहून पेटत नाही आणि डिझेलच्या पंपाला लागणारे वंगण त्यात नसते. स्कॅनिया कंपनीच्या काही बस इथेनॉलवर चालतात हे खरे, पण त्यांची इंजिने त्यासाठीच घडवलेली आहेत आणि इंधनात पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळलेले असते.

आता वडिलांची गाडी. खरे सांगायचे तर मला तिचीच जास्त काळजी आहे. तिला ना सेन्सर, ना ईसीयू. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक जेवढे, तेवढेच इंधन. इथेनॉल वाढले की मिश्रण विरळ होणार आणि ते कोणी दुरुस्त करणार नाही. त्या काळच्या नळ्यांचे रबर, बुचाची गॅस्केटे, शिसे-कथिलाचा मुलामा दिलेल्या टाक्या, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव कार्ब्युरेटर, यांतल्या कशाचीच इथेनॉलशी ओळख नव्हती. त्यातून ती गाडी महिनोन्‌महिने उभी असते, आणि इथेनॉलच्या इंधनाला उभे राहणे सोसत नाही.

कारण असे की इथेनॉल पाणी धरून ठेवते. थोडे पाणी ते विरघळवून घेते, तोवर काही बिघडत नाही, उलट ते जळूनही जाते. पण १५ अंश तापमानाला ई-१० मध्ये पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेले, की इंधन फुटते: इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात आणि वर इथेनॉल गमावलेले, कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. साठ लिटरच्या टाकीला यासाठी तीनशे मिलिलिटर पाणी पुरते, म्हणजे एक मोठा पेला. झाकणाचे सील गेलेल्या आणि पाऊण रिकाम्या टाकीत ते हळूहळू जमू शकते, आणि रात्री थंडी पडली तर याहून कमी पाण्यातही इंधन फुटते. इंधन ओढणारी नळी टाकीच्या तळाशी असते. म्हणजे गाडी सुरू करताना पहिला घोट त्याच पाणीदार थराचा जातो.

तुमच्याकडे पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल, तर ही गाडी त्यावरच ठेवा. थोडे महाग पडले तरी वर्षाला पाच-सहा फेऱ्यांचा तो प्रश्न आहे. खात्री करायची असेल, तर १०० मिलिलिटरची खुणा असलेली काचेची उभी नळी घ्या. तिच्यात दहाच्या खुणेपर्यंत पाणी घाला, वरून शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा, एकदा बूच सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. पेट्रोलातले इथेनॉल खाली पाण्यात उतरते. तळाचा थर दहावरच राहिला, तर इथेनॉल नाही. एकोणिसाच्या आसपास गेला, तर दहा टक्के. अठ्ठाविसाच्या आसपास, तर वीस टक्के. माप काटेकोर नाही, एखाद-दुसरा मिलिलिटर इकडेतिकडे होतो, पण दहा की वीस एवढे निश्चित कळते. हे उघड्यावर करा, जवळ विस्तव नको, कारण इथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. आणि नळीतले ते पाणी-पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका. हसू नका, असे करणारे भेटले आहेत.

इथेनॉलविरहित मिळत नसेल, तर गाडी ठेवून देण्याआधी टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही, आणि शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. त्याने कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले इंधन संपते. जेट एखाद-दोन माप मोठे घालून मिश्रण पुन्हा जमवता येते, पण ते काम स्पार्क प्लगचा रंग वाचता येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. प्लगचे टोक पांढरेफटक दिसले, तर मिश्रण अजून विरळ आहे आणि गाडी भाराखाली नेण्याजोगी झालेली नाही.

गाडी गेले कित्येक महिने मिश्र पेट्रोलवर उभी असेल, तर सुरू करायचा प्रयत्न करण्याआधी फ्लोट चेंबर उघडून पहा. तळाशी पांढरट भुकटी किंवा पितळेच्या भागांवर हिरवट चिकट थर दिसला, तर तो कार्ब्युरेटर क्लीनरने आणि दाबाच्या हवेने काढा. जेटमध्ये तार घालून कोरण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण पितळ मऊ असते, भोक किंचित जरी मोठे झाले तरी त्या जेटवरचा आकडा खोटा ठरतो, आणि मग किती इंधन जाते आहे हे कोणालाच सांगता येत नाही.